'फॉर ऑल मॅनकाइंड' की 'द एक्सपान्स': आधी कोणती लावावी?

अंतराळावरची एकच लांबलचक मालिका बघण्याइतका वेळ असेल, तर निवड बहुधा या दोनांवर येऊन थांबते. 'फॉर ऑल मॅनकाइंड'चे पहिले चार सीझन म्हणजे प्रत्येकी दहा भाग, एकूण ४०. भाग साधारण तासाभराचे, काही त्याहून लांब. 'द एक्सपान्स'चे सहा सीझन आणि ६२ भाग, बहुतेक पाऊण तासाचे. म्हणजे दोन्हीकडे चाळीस-पंचेचाळीस तास गुंतवायचे आहेत. पहिली अ‍ॅपलच्या सेवेवर आहे, दुसरी प्राइम व्हिडिओवर. रोज सव्वा-दीड तास देणाऱ्याला पहिलीसाठी एका महिन्याची वर्गणी पुरते.

दोन्हींचे चाहते एकमेकांना आपापली मालिका सुचवतात आणि बऱ्याचदा समोरच्याचा हिरमोड होतो, कारण दोघींची भूक वेगळी आहे. 'द एक्सपान्स' काही शतकं पुढे जाऊन पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांचा पट्टा यांचं राजकारण मांडते. 'फॉर ऑल मॅनकाइंड' १९६९ मध्ये सुरू होते आणि इतिहासाचा एकच सांधा बदलते: चंद्रावर पहिलं पाऊल सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह टाकतो.

हा सांधा हवेतला नाही. सोव्हिएत कार्यक्रमाचा कणा असलेले सर्गेई कोरोल्योव्ह १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेत दगावले. ते वाचले असते तर काय, या प्रश्नावर निर्मात्यांनी सगळा डोलारा उभा केला आहे. प्रत्यक्षात सोव्हिएतांचं चंद्रमोहिमेसाठीचं एन-१ हे महाकाय रॉकेट चारही उड्डाणांत फसलं. ३ जुलै १९६९ च्या दुसऱ्या उड्डाणात ते तळावरच कोसळलं आणि तळ उद्ध्वस्त झाला. तेरा दिवसांनी अपोलो ११ निघालं. एवढं माहीत असेल तर पहिला भाग दुप्पट रंगतो. नसेल तर 'अमेरिकन लोक इतके का रडताहेत' असं वाटू शकतं.

आता तक्रारी. 'फॉर ऑल मॅनकाइंड'वरचा सर्वांत जुना आक्षेप असा की रॉकेट कमी आणि घरातली भांडणं जास्त. सासू-सुनांची मालिका, फक्त नासाच्या ह्यूस्टनमधली. आक्षेप अर्धा खरा आहे. पहिल्या दोन भागांत कथा संथ आहे आणि पात्रांची ओळख करून देण्यातच वेळ जातो. तिसऱ्या भागात अमेरिका घाईघाईने महिला अंतराळवीर निवडू लागते, तेव्हा मालिका पकड घेते. हा धागाही खऱ्या इतिहासातून उचललेला आहे. १९६०-६१ मध्ये १३ अमेरिकन महिला वैमानिकांनी अंतराळवीरांसारख्या वैद्यकीय चाचण्या खासगीरीत्या पार केल्या होत्या, पण अमेरिकेची पहिली महिला, सॅली राइड, अंतराळात गेली ती १९८३ मध्ये. त्यामुळे निकाल तिसऱ्या भागानंतर द्यावा, पहिल्यानंतर नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये घरगुती धागे का विणले होते ते उमगतं. शीतयुद्ध चंद्रावर पोहोचतं, सैनिक पांढऱ्या रंगाच्या रायफली घेऊन उतरतात, आणि शेवटच्या भागात सगळं एकाच वेळी फुटतं. त्या भागातला, अंतराळपोशाखाऐवजी अंगाला चिकटपट्टी गुंडाळून चंद्रावर बाहेर पडण्याचा प्रसंग अनेकांच्या मते मालिकेचा कळस आहे आणि तो निव्वळ नाट्य नाही. निर्वात पोकळीत माणूस साधारण दहा ते पंधरा सेकंद शुद्धीवर राहू शकतो. कथा त्याच मर्यादेवर बेतली आहे. मुख्य म्हणजे तो प्रसंग ज्यांच्या वाट्याला येतो त्यांचा संसार आपण वीस भाग पाहिलेला असतो. संसार वगळला असता तर उरली असती ती फक्त युक्ती.

तिसऱ्यात हीच पद्धत अंगाशी येते. मंगळाची तिहेरी शर्यत उत्तम आहे, पण एका तरुण अंतराळवीराच्या ढासळत्या मनाचं उपकथानक बहुतेकांना नकोसं झालं. इतका अस्थिर माणूस निवडीच्या चाळणीतून सुटून मंगळयानात पोहोचेल हे पटत नाही. लेखकांना पुढची दुर्घटना हवी होती म्हणून तो यानात आहे, असं स्पष्ट दिसतं. हा राग रास्त आहे. काही जण दुसऱ्या सीझनवरच थांबायला सांगतात आणि थांबण्यासाठी ती जागा खरंच चांगली आहे.

वयाचा मुद्दाही वारंवार येतो. प्रत्येक सीझनमध्ये सुमारे दशकभराची उडी आहे, कलाकार मात्र तेच. १९७९ मध्ये जन्मलेला जोएल किनामन चौथ्या सीझनमध्ये सत्तरी ओलांडलेला अंतराळवीर एड बाल्डविन, मालिकेतलं एक मुख्य पात्र, साकारतो. मेकअप काही दृश्यांत उघडा पडतो, आणि या वयात हा माणूस मंगळावर काय करतोय हा प्रश्नही उरतोच.

विज्ञानाच्या बाबतीत दोन्हींची प्रतिमा चोख अशी आहे. दोन्हीकडे भोकं आहेत, पण वेगवेगळ्या ठिकाणी. 'फॉर ऑल मॅनकाइंड'मधलं समुद्रातून उडणारं सी ड्रॅगन रॉकेट हा १९६२ चा खरा आराखडा आहे. सुमारे १५० मीटर उंच, कक्षेत साडेपाचशे टन नेऊ शकेल असा. (ते पहिल्या सीझनच्या अगदी शेवटी, श्रेयनामावलीनंतर दिसतं. नावं सुरू झाली म्हणून बंद करू नका.) अणुइंजिनाच्या शटलमागे १९७३ मध्ये गुंडाळलेला अमेरिकन प्रकल्प आहे. खटकतं ते साधं स्पेस शटल चंद्रापर्यंत जाणं. पृथ्वीच्या कक्षेतून चंद्राकडे निघायला सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगवाढ लागते. खऱ्या शटलच्या कक्षीय इंजिनांकडे होती सुमारे तीनशे मीटर. कक्षेत इंधन भरलं असं मानलं तरी परतीचा सेकंदाला अकरा किलोमीटरचा वेग त्याच्या उष्णतारोधक टाइल्ससाठी नव्हता. मंगळाचं गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के, तरी तळावर लोक ह्यूस्टनच्या कॉरिडॉरमधल्यासारखे चालतात. ही खर्चाची तडजोड आहे, अज्ञान नव्हे.

'द एक्सपान्स'मध्ये यानं बहुमजली इमारतीसारखी रचलेली आहेत, इंजिनाकडे जमीन. अर्धा प्रवास वेग वाढवायचा, मग यान उलटं करून तो कमी करायचा. जोराच्या प्रवेगात माणसांना औषधं टोचावी लागतात. हे इतक्या सातत्याने पाळलेलं दुसरीकडे क्वचित दिसतं. मात्र ते इंजिन इतकं कमी इंधन खातं की ती जादूच, आणि मध्यवर्ती रहस्य तर उघड कल्पनारम्य आहे. पट्ट्यातला सर्वांत मोठा गोल, सेरेस, फिरवून त्यात गुरुत्व निर्माण करणंही चालणार नाही. त्याचं स्वतःचं गुरुत्व पृथ्वीच्या तीन टक्क्यांच्या आसपास; त्याहून जास्त गुरुत्व मिळेल इतक्या वेगाने फिरवलं तर तो विखरून जाईल.

तिथली मोठी तक्रार म्हणजे सुरुवातीचा गोंधळ: तीन कथानकं, डझनभर नावं आणि पट्ट्यातल्यांची खास बनवलेली बोली. सबटायटल्स लावाच. चौथ्या भागातल्या यानांच्या लढाईपर्यंत तग धरा. पहिला सीझन संपला तिथे थांबू नका, कारण पहिल्या कथेचा खरा शेवट दुसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात आहे. तिसरा सीझन हा सुबक विसावा. चौथा एकाच ग्रहावर रेंगाळतो. सहावा फक्त सहा भागांचा असल्याने काही धागे लोंबकळतच राहतात.

राजकारण, युद्ध आणि गूढ यांची ओढ असेल तर आधी 'द एक्सपान्स'. एखाद्या यंत्रामागची माणसं वर्षानुवर्षं कशी बदलतात हे बघायचं असेल, इस्रोच्या बातम्या मन लावून वाचत असाल, तर 'फॉर ऑल मॅनकाइंड'. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या शॅकल्टन विवराजवळच्या बर्फावर तिचं अर्धं कथानक उभं आहे, आणि चांद्रयान-१ चा आघात-शोधक १४ नोव्हेंबर २००८ रोजी त्याच विवराच्या परिसरात आदळवला होता. दोन्ही बघणार असाल तर आधी 'फॉर ऑल मॅनकाइंड', मग 'द एक्सपान्स' हा क्रम सोयीचा: पहिलीच्या चौथ्या सीझनमधले मंगळावरच्या कामगारांचे पगाराचे तंटे आणि लघुग्रहाच्या मालकीची झोंबी पाहिली की पट्ट्यातल्या लोकांचा संताप आपोआप कळतो.

'फॉर ऑल मॅनकाइंड'च्या दुसऱ्या सीझनपासून प्रत्येक सीझनची सुरुवात बदललेल्या इतिहासाच्या झरझर बातम्यांनी होते. जॉन लेननवर गोळीबार होतो आणि तो वाचतो, वगैरे. तिथे रिमोट हातात ठेवून थांबत-थांबत बघावं.

लहान मुलांसोबत बसायचं असेल तर दोन्ही टाळा. 'फॉर ऑल मॅनकाइंड'मध्ये शिव्या, शयनगृहातली दृश्यं आणि गोळीबार आहे. 'द एक्सपान्स'मध्ये त्यावर रक्तमांसाचे किळसवाणे प्रसंग.