बेळगावात डिशवॉशर: मशीनला चार स्टार, सर्व्हिसला दोन

आधीच सांगून टाकतो, मशीन चांगलं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं सर्व्हिसबद्दल जे लिहिणार आहे ते एकाच कंपनीचं दुखणं नाही, बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यात ज्यांच्या ज्यांच्याकडं डिशवॉशर आहे त्यांच्याकडं विचारलं की थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळतंय. माझं फ्री स्टँडिंग, पुढून दार उघडणारं, १३ प्लेस सेटिंगवालं. आता हे प्लेस सेटिंग म्हणजे एका माणसाच्या जेवणाच्या भांड्यांचा, तोही युरोपातल्या चपट्या प्लेटा, कप, काटे-चमचे धरून केलेला हिशोब आहे, त्यात आपलं पातेलं, परात, कुकर, डबे कुठं बसत नाहीत, त्यामुळं १३ आकडा बघून हुरळून जाऊ नका. आमच्या पाच माणसांच्या घराला दिवसाकाठी एकदा रात्री लावलं की पुरतंय, पाहुणे आले की दोनदा.

पहिल्यांदा चांगलं लिहितो. स्टीलची ताटं, वाट्या, पेले, काचेची भांडी, चिनीमातीचे बाऊल ह्यात नाव ठेवायला जागा नाही. रविवारी मटण झालं की रश्शाचं पातेलं, ज्याला घासताना हात कोपरापर्यंत चिकट होतात, ते ७० डिग्रीच्या इंटेन्सिव्ह प्रोग्रामला टाकलं तर सकाळी वासासकट साफ असतंय. पाणी एका फेरीला १० लिटरच्या आसपास, इको प्रोग्रामला वीज साधारण १ युनिट. इकोला तीन-चार तास लागतात म्हणून लोक वैतागतात पण तो वेळ घेतो म्हणूनच वीज कमी खातो, रात्री लावून झोपायचं, आपल्याला काय त्याच्यासमोर बसायचंय?

जे होत नाही तेही ऐका. घरी कुंदा (आमच्याकडची दूध आटवून केलेली मिठाई) केला आणि कढईच्या बुडाला खरपूड धरली तर ती ह्याच्या बापाला निघत नाही, आधी गरम पाण्यात भिजत घालायची, उलथण्यानं खरवडायची आणि मग टाकायची. ॲल्युमिनियम अजिबात नको, पावडर अल्कलाइन असते त्यामुळं साधा कुकर, इडलीपात्र काळं-करडं पडतंय आणि हाताला तो काळा रंग लागत राहतोय. हार्ड अनोडाइज्डचंही तेच. पितळ-तांब्याची देवाची उपकरणी, कल्हईची भांडी, भाकरीचा लोखंडी तवा, बिडाची कढई, पोळपाट-लाटणं हे सगळं बाहेर. आईनं पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं होतं की माझ्या तव्याला त्या पेटीत घालायचं नाही, आणि ह्या बाबतीत मॅन्युअलचं आणि तिचं मत एकच निघालं.

आता मुख्य मुद्दा, पाणी. मी उद्यमबागात, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, पंपाच्या धंद्यात आहे म्हणून असेल, पण मला वाटतंय डिशवॉशर विकत घेताना लोक प्रोग्राम किती, रंग कुठला हे बघतात आणि पाणी कुठलं, किती प्रेशरनं येतंय हे कोण विचारतच नाही, आणि शोरूमवाला तर मुळीच सांगत नाही. बऱ्याच मशीनना कमीत कमी ०.५ बार प्रेशर लागतं. १० मीटर उंचीला १ बार, म्हणजे टाकीचं पाणी मशीनच्या वर पाच मीटर तरी पाहिजे. शहापूर-वडगावकडची जुनी बैठी घरं बघा, टाकी स्लॅबवर, किचन खाली, जेमतेम तीन-साडेतीन मीटर भरतात, मग मशीन पाणी घ्यायला वेळ लावणार, नळाचं चिन्ह पेटणार, आणि लोक म्हणणार मशीन खराब निघालं. टाकीला स्टँड करून वर उचला किंवा छोटा प्रेशर पंप बसवा, मशीनला शिव्या देऊन प्रेशर वाढत नाही.

दुसरं, पाणी मऊ का जड. बेळगाव शहरात नळाला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, शिवाय जुन्या घरातून विहिरी आहेत, आणि नवीन लेआउटमध्ये बोअर. तिन्हीचं वागणं वेगळं. मशीनच्या आत तळाला सॉल्टचं झाकण असतं, त्या मिठाचा भांडी धुण्याशी थेट काही संबंध नाही, आत एक रेझिनचा सॉफ्टनर असतो तो पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि मिठाच्या पाण्यानं तो परत ताजा होतो. पहिल्यांदा तेवढं एक लिटरभर पाणी त्यात ओतायचं, मग मीठ, नंतर कधी पाणी ओतायचं नाही. मीठ भरलं की लगेच एक फेरी चालवायची, सांडलेलं मीठ तसंच राहिलं तर स्टीलच्या टबला गंज धरतो. आणि घरातलं आयोडीनचं बारीक मीठ घालू नका, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय काय मिसळलेलं असतंय त्यानं सॉफ्टनर तुंबतो. खडेमिठात माती-कचरा असतो, तेही नको. डिशवॉशर सॉल्ट म्हणून जे मिळतं तेच.

निपाणीला मेव्हण्याकडं बोअरचं पाणी, त्याचे पेले सगळे पांढरे धुरकट, तो म्हणाला पावडर बोगस आहे. बघितलं तर सॉफ्टनरचं सेटिंग कंपनीतून आलं तसंच होतं, हार्डनेस कितीये कोणी तपासलंच नव्हतं. टेस्ट स्ट्रिप मिळते, पाण्यात बुडवून रंग बघायचा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्याप्रमाणं आकडा लावायचा, पाच मिनिटांचं काम. उलट ज्यांचं पाणी मऊ आहे त्यांनी पावडर ओतू नका भसाभस, मऊ पाण्यात पावडर जास्त झाली की काच खरोखर झिजते आणि ती धुरकट कायमची होते. फरक ओळखायचा असेल तर पेल्यावर लिंबू नाहीतर व्हिनेगर चोळा, पांढरं गेलं तर क्षार, नाही गेलं तर काच गेली.

आणि पावसाळा! आपल्याकडं जून लागला की पाऊस काय थांबायचं नाव घेत नाही, नळाला तांबूस गढूळ पाणी सुरू होतंय, विहिरीचंही तसंच. मशीनच्या इनलेट पाईपच्या नळाकडच्या टोकाला नाण्याएवढी जाळी असते, ती लाल गाळानं बसते. नळ बंद करा, पाईप हातानं फिरवून सोडा, जाळी नोजप्लायरनं ओढून जुन्या टूथब्रशनं धुवा, बसवा. गणपतीच्या आधी मी हे काम करून ठेवतोच, नाहीतर ऐन पाहुण्यात नळाचं चिन्ह पेटतंय. नळाच्या आधी एक साधा सेडिमेंट फिल्टर (गाळ अडवणारा) टाकला तर अजून चांगलं.

आता सर्व्हिसची गोष्ट, जिला दोनच स्टार दिलेत. एक दिवस मशीन मध्येच थांबलं, तळाला घाण पाणी, आणि स्क्रीनवर पाणी बाहेर जात नाही असा कोड. कस्टमर केअरला फोन लावला तर पिनकोड ५९० नं सुरू होतोय म्हटल्यावर कन्नड, हिंदी, इंग्लिश असे तीनच पर्याय, मराठी नाही. कोल्हापूरवाल्याला मराठी मिळते, आम्ही हिंदीतून "पानी नहीं जा रहा" करत बसायचं. बरं, तिकडची बाई एकदम सभ्य, पण माणूस येणार हुबळीहून, चार-पाच केस जमल्या की. तोपर्यंत आत पाणी तुंबलेलं, वास सुटलेला.

शेवटी पोरगा आला, वागायला चांगला होता. नळ सोडला, बटणं दाबली, कान लावला आणि म्हणाला, "पंप चेंज माडबेक्री," म्हणजे पंप बदलावा लागणार. पंपाचे साडेतीन हजार, व्हिजिट चार्ज वेगळा, त्याच्यावर जीएसटी. मी म्हटलं अण्णा, पंप गुणगुणतोय म्हणजे मोटर जिवंत आहे, इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं पातं) अडकलाय, आधी झाकण तर काढ. त्यानं मशीनचा प्लग काढला, पाणी स्पंजानं उपसलं, फिल्टर काढला, त्याच्याखाली एक छोटं पांढरं प्लास्टिकचं कव्हर असतं ते चमच्याच्या दांड्यानं उचकटलं, आणि आत इम्पेलरच्या पात्याला टेकून अख्खा चिंचोका! आमटीतला. बोटानं काढला, इम्पेलर फिरवून बघितला, थोडा अडखळत फिरतो पण तो चुंबकामुळं तसाच फिरतो, ते नॉर्मल आहे. मशीन चालू. पंप जो होता तोच आजही आहे. व्हिजिट चार्ज मात्र दिला, तेवढ्या लांबून आला होता, आणि चहा प्यायल्यावर त्यानंच सांगितलं की निम्म्याहून जास्त कॉल असलेच असतात.

चिंचोका तिथं जातो कसा, हे समजून घेतलं तर पुढचा कॉल वाचतो. फिल्टर लावलेला असताना एवढी मोठी वस्तू खाली जाऊच शकत नाही. आपण फिल्टर धुवायला काढतो तेव्हा आजूबाजूला पडलेली शितं, बिया, हाडाची कपची सरळ त्या भोकात घसरते. म्हणून खालचा रॅक काढा, तळ आधी कापडानं पुसून घ्या, मगच फिल्टर घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवून उचला. नळाखाली धरून ब्रशनं धुवायचा, बसवताना पूर्ण फिरवून घट्ट करायचा, अर्धवट बसला तर सगळा कचरा आत. हे आठवड्याला एकदा, भात जास्त खाणाऱ्यांनी दोनदा. भाताची शितं त्या बारीक जाळीवर खळीसारखी बसतात.

वरच्या रॅकमधली भांडी मळकट राहायला लागली तर पावडर बदलण्याआधी फवाऱ्याचे हात, म्हणजे पाणी उडवत फिरणाऱ्या भोकांच्या पट्ट्या, बघा. माझ्या मशीनच्या खालच्या हाताच्या टोकाच्या भोकात एक मोहरी इतकी बरोब्बर बसली होती की कोणी रिव्हेट मारलाय असं वाटावं. हात उचलून काढता येतो (वरच्याला नट असतो), टूथपिकनं भोकं मोकळी करा, आतलं पाणी हलवून ओतून टाका. लावताना हातानं गोल फिरवून बघायचं, कुठं परातीला नाहीतर झाऱ्याच्या दांड्याला अडत नाही ना. आणि उंच ताट पावडरच्या डबीसमोर उभं करू नका, डबीचं झाकण उघडत नाही आणि सकाळी पावडर तशीच्या तशी.

वासाचं म्हणाल तर निम्मा वास फिल्टरचा आणि निम्मा दाराच्या खालच्या काठाचा, तिथं फवारा पोचतच नाही, तिथला तेलकट काळा थर ओल्या फडक्यानं आपल्यालाच पुसावा लागतो. अधूनमधून डिशवॉशर क्लीनर टाकून रिकामं मशीन गरम प्रोग्रामला चालवा. गावाला जाताना दार थोडं उघडं ठेवा. भांडी घासायचं लिक्विड चुकूनही आत घालू नका, फेस दारातून किचनभर येतो.

घाण पाण्याचा पाईप सिंकखाली कसा नेलाय तेही बघा. बहुतेक मॅन्युअलमध्ये तो जमिनीपासून साधारण ४० सेंटीमीटर ते १ मीटर ह्या उंचीत जोडायला सांगितलेला असतो. आमच्याकडचे प्लंबर सरळ जमिनीवरच्या मोरीच्या भोकात सोडतात, मग सायफन होऊन आत घेतलेलं पाणी आपोआप निघून जातं आणि मशीन बिचारं परत परत पाणी घेत बसतं.

बॉश-सीमेन्सच्या मशीनला ई१५ आला तर तो वेगळा प्रकार, खालच्या ट्रेमध्ये पाणी साचलंय आणि आतला फ्लोट वर आलाय असा त्याचा अर्थ. यूट्यूबवर मशीन मागं कलंडवून पाणी सांडायला सांगतात, त्यानं कोड जातो पण गळती जात नाही. प्लग काढा, नळ बंद करा आणि गळतंय कुठं ते शोधून घ्या. आपल्याकडं बऱ्याचदा उंदीर! मागचा पाईप कुरतडतात, वायरी पण. सॉकेट १६ अँपचा आणि अर्थिंगवाला पाहिजे, इन्व्हर्टरवर टाकू नका, आत दोन किलोवॅटच्या आसपास हीटर असतो. लाईट गेली तर घाबरायचं नाही, आली की प्रोग्राम जिथं थांबला तिथून पुढं जातोय.

एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) मी घेतलेली नाही आणि घ्या असंही म्हणणार नाही. वर्षाला जेवढे मागतात तेवढ्यात दोन-तीन व्हिजिटचे पैसे निघतात, आणि व्हिजिटला येऊन ते फिल्टरच धुणार. सॉल्ट आणि पावडर मात्र साठा करून ठेवतो, किराणा दुकानात मिळायची खात्री नाही, मोठ्या सुपरमार्केटात असतं कधी कधी, नाहीतर ऑनलाइन. टॅब्लेटपेक्षा मला पावडर बरी वाटते, भांड्याच्या मळाप्रमाणं कमी-जास्त करता येते, आणि छोट्या प्रोग्रामला टॅब्लेट अर्धवटच विरघळते. रिन्स एड (भांडी वाळायला मदत करणारं लिक्विड) भरत राहा, त्याशिवाय भांडी वाळत नाहीत, प्लास्टिकचे डबे तर त्यानंही ओलेच निघतात.

सध्या एकच तक्रार शिल्लक होती, वरच्या रॅकचं एक चाक तुटलं. कंपनी म्हणते नुसतं चाक मिळत नाही, अख्खा रॅक घ्या. उद्यमबागात राहून चाकासाठी रॅक घ्यायचा म्हणजे जरा जास्तच झालं, आमच्या इथल्या लेथवाल्याकडून जुनं माप देऊन डेलरिनचं (कडक प्लास्टिकचं) चाक काढून घेतलं, दोन जास्तीची पण करून ठेवलीत.