लहरी केसांसाठी क्रीम, जेल आणि सीरम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पहिली खरेदी मी केसांचे वळण पाहून केली आणि तिथेच चुकले. माझे केस खांद्याखाली चार बोटे येतात. मुळाशी सरळ असतात आणि कानापासून खाली नागमोडी होत जातात. अमेरिकेतील केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या आणि पुढे इतरांनी वाढवलेल्या वर्गवारीत अशा केसांना टू-बी (नागमोडी केसांचा एक उपप्रकार) म्हणतात. हल्ली बाटल्यांवरही हे आकडे छापलेले असतात, म्हणून मे महिन्यात मी ‘टू-बी ते थ्री-बी’ असे लिहिलेले शिया बटरचे क्रीम सव्वापाचशे रुपये मोजून आणले. पहिल्याच दिवशी ठाण्याहून दादरला उतरेपर्यंत केस आठवडाभर न धुतल्यासारखे चोपडे होऊन कपाळाला चिकटले. कमी लावून पाहिले, फक्त टोकांना लावून पाहिले, पाणी निथळत असलेल्या केसांवर लावून पाहिले. महिनाभरात एकाही दिवशी मला केस मोकळे सोडून घराबाहेर पडावेसे वाटले नाही.

क्रीममध्ये दोष नव्हता. बाटलीवरचा आकडा केवळ वळण सांगतो, एकेका केसाची जाडी सांगत नाही, आणि क्रीम पेलवेल की नाही हे ठरते जाडीवर. ती पाहण्याची रीत अगदी साधी आहे. कंगव्यात आलेला एक केस अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून फिरवायचा. माझा केस बोटांना जवळजवळ लागलाच नाही, आईचा मात्र शिवणाच्या दोऱ्यासारखा जाणवला. माझी वेणी मनगटाएवढी होते, त्यामुळे लहानपणापासून सगळे मला ‘जाड केसांची’ म्हणत आले आणि सलूनमधल्या मुलीनेही तेच गृहीत धरून क्रीम सुचवले होते. प्रत्यक्षात माझे केस संख्येने दाट आहेत आणि जाडीने बारीक. बटर, मेण किंवा घट्ट तेल असलेला कोणताही पदार्थ अशा केसांना खाली ओढतो आणि लहर सपाट करून टाकतो. केस पाण्यात टाकून तो बुडतो की तरंगतो यावरून त्याची शोषणक्षमता ओळखण्याची चाचणीही मी केली. एकाच डोक्यावरचे दोन केस तरंगले आणि तिसरा बुडाला, तेव्हा तो नाद सोडला.

जूनपासून मी पातळ लीव्ह-इन कंडिशनर (लावून न धुता केसांतच ठेवायचे) आणि त्यावर जेल अशी जोडी सुरू केली आणि आजही तीच चालू आहे. ओला केस ज्या आकारात वाळतो तो आकार पुढे टिकतो, कारण केसातील हायड्रोजन बंध, म्हणजे प्रथिनांना एकमेकांशी धरून ठेवणारे कच्चे दुवे, पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. जेलमधील पॉलिमरचा पातळ पापुद्रा त्या आकाराला वरून धरून ठेवतो. म्हणूनच टॉवेलने खसाखसा पुसलेल्या, अर्धवट वाळलेल्या केसांना जेल लावून उपयोग नसतो. मी केस मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकत असतानाच, पाच रुपयांच्या नाण्याएवढे जेल तळहातांवर पसरून खालून वर दाबत लावते आणि वाळेपर्यंत हात लावत नाही. वाळल्यावर केस कडक होतात, अगदी वाळवणातल्या कुरडईसारखे, आणि पहिल्यांदा तो स्पर्श झाल्यावर जेल फुकट गेले असेच वाटते. तळहातावर सीरमचे दोन थेंब घेऊन केस हलके चुरगाळले की तो कडकपणा मोडतो आणि लहर तशीच राहते.

या जोडीने एकदा मला चांगलेच तोंडघशी पाडले. लीव्ह-इन संपले म्हणून दुसऱ्या कंपनीचे आणले, जेल जुनेच ठेवले आणि दुपारपर्यंत काळ्या कुर्त्यावर पांढरा भुसा पडू लागला. कार्यालयातल्या मैत्रिणीने हळूच विचारले, “कोंडा झालाय का गं?” घरी येऊन दोन्ही पदार्थ तळहातावर एकत्र केले तर मिश्रण फाटलेल्या दुधासारखे दाणेदार झाले. तेव्हापासून नवे काहीही आणले की आधी ते तळहातावर जुन्यात मिसळून पाहते. मिश्रण गुळगुळीत राहिले तरच ते केसांवर जाते.

या आठ महिन्यांत सर्वाधिक शिकवले ते जुलै महिन्याने. ठाण्यात त्या दिवसांत हवेतील आर्द्रता सकाळी सहज ८० टक्क्यांच्या वर असते, आणि त्या ओलाव्याने हायड्रोजन बंध दिवसभर सुटत आणि भलतीकडे जुळत राहतात. केस पिंजारतात ते त्यामुळे. माझ्या जेलच्या घटकयादीत ग्लिसरीन पाण्याखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होते आणि पकडीसाठी पीव्हीपी नावाचे पॉलिमर होते. दोन्ही हवेतील पाणी ओढणारे, त्यामुळे दुपारी केस चिकट होऊन लहर मोडायची. मग यादी वाचायची सवय लागली. आपल्याकडे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने आणि त्याखालचे कसेही लिहिता येतात, म्हणून पहिली पाच-सहा नावे वाचली तरी बरेच कळते; पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत मिरवणारे आर्गन तेल पुष्कळदा शेवटच्या ओळीत सुगंधाच्या शेजारी सापडते. पावसाळ्यासाठी मी व्हीपी/व्हीए कोपॉलिमर (पीव्हीपीपेक्षा कमी पाणी ओढणारे पॉलिमर) असलेले, ग्लिसरीन नसलेले जेल निवडले. ते दमट हवेत बऱ्यापैकी तग धरते.

सीरममधल्या सिलिकॉनबद्दल मी बरेच भयंकर वाचले होते आणि म्हणून सीरमला दोन महिने हात लावला नव्हता. त्यातले डायमेथिकोन नावाचे सिलिकॉन पाण्यात विरघळत नाही, हे खरे आहे. केवळ कंडिशनरने केस धुणाऱ्यांच्या केसांवर ते साचत जाते. पण आठवड्यातून एकदा साध्या सल्फेटयुक्त शाम्पूने ते निघून जाते आणि भर पावसात केस जागेवर ठेवण्याचे काम तेच सर्वांत चोख करते. माझ्या मते बारीक केसांना त्याचे दोन थेंब शिया बटरच्या चमचाभर क्रीमपेक्षा कितीतरी हलके पडतात.

पाण्याचा भाग थोडक्यात सांगते. मे महिन्यात आमच्या सोसायटीत बोअरच्या पाण्याचे टँकर येत होते आणि त्या जड पाण्यातील क्षार केसांवर बसून कोणतेही उत्पादन नीट पसरत नसे. पंधरवड्यातून एकदा चेलेटिंग (क्षार काढून टाकणारा) शाम्पू वापरल्यावर फरक पडला. धुण्याआधी खोबरेल तेल लावण्याचा आईचा आग्रह मात्र मी मोडला नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ साली जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्समधील संशोधनात दाखवले गेले आहे. आईने ते वाचलेले नाही आणि तिला त्याची गरजही नाही. घरी जवस उकळून जेल करूनही पाहिले: दोन चमचे जवस, दोन कप पाणी, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच मलमलीतून गाळायचे. केस मऊ राहतात, पकड दोन-तीन तासांपुरती मिळते आणि फ्रिजमध्ये ठेवूनही आठवड्याने ते आंबते. शिवाय थंड झाल्यावर गाळायला घेतले तर ते कापडातून उतरता उतरत नाही.

डिसेंबरात सासरी नागपूरला गेले तेव्हा नणंदेने बॅगेतले शिया बटरचे क्रीम पाहिले. वळण माझ्यासारखेच, पण केस राठ आणि जाड. न्हाल्यावर तिने दोन बोटे भरून क्रीम लावले आणि त्या कोरड्या थंडीत तिच्या बटा अशा सुटसुटीत आणि चमकदार वाळल्या की मीच बघत राहिले. माझे पावसाळी जेल तिथे केसांना कोरडे आणि ताठ करत होते. जूनमधले ग्लिसरीनचे जेल त्या हवेत कसे वागले असते, ते कळायला ती बाटली जवळ नव्हती. क्रीमचा डबा अर्थातच नागपूरला राहिला.

सध्या माझ्याकडे लीव्ह-इन, पावसाळी जेल आणि सीरम एवढेच आहे. दोनशे मिलीलिटरचे जेल आठवड्यातून दोनदा लावून तीन महिने पुरते. त्याच्या बाटलीचा पंप मात्र तळाचे जेल उचलत नाही. शेवटचे चार-पाच वापर मी बाटली कात्रीने मधोमध कापून काढते आणि उरलेले झाकणाच्या डबीत भरून ठेवते.