डिसॅबिलिटी आणि ॲडिक्शनचा मायनर: शिकायला भारी, पण नोकरीसाठी घेणार असाल तर आधी हे वाचा

टेक्सासमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी मेजर (मुख्य विषय) करताना मी डिसॅबिलिटी स्टडीज (अपंगत्व) आणि ॲडिक्शन स्टडीज (व्यसन) असे दोन मायनर (जोडविषय) घेतले. ज्युनियर मुलं, आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांचे आईबाबा, सारखं विचारतात की घ्यावं का, फायदा काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पाचपैकी साडेतीन स्टार. शिकवण्याला चार देईन, पुढे काय होणार याची माहिती द्यायच्या बाबतीत डिपार्टमेंटला दोन पण जास्त आहेत.

आधी हिशोब. इकडे एक मायनर साधारण १५ ते १८ क्रेडिटचा असतो, म्हणजे तीन क्रेडिटचे पाच-सहा कोर्स. डिग्रीला तसेही १२० क्रेडिट लागतात आणि त्यात मेजरच्या बाहेरचे बरेच कोर्स करावेच लागतात, तेव्हा त्या जागेत मायनर बसला तर एक डॉलरही जास्तीचा जात नाही. नाही बसला आणि सेमिस्टर वाढलं तर इंटरनॅशनल फी भरून मायनर करण्यात काही अर्थ नाही, स्पष्ट सांगते. माझे दोन्ही बसले कारण दोन-तीन कोर्स दोन्हीकडे चालत होते.

डिसॅबिलिटीच्या बाजूचं शिकवणं मला जास्त आवडलं. पहिलाच कोर्स इतिहासाचा. मला वाटलेलं रॅम्प, व्हीलचेअर, सहानुभूती असं काहीतरी गोडगोड असेल, तर पहिल्याच आठवड्यात १९७७ चं सॅन फ्रान्सिस्को. १९७३ च्या कायद्यात सेक्शन ५०४ होतं, सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही, पण त्याचे नियम सरकार सहीच करेना. मग शंभरावर अपंग माणसं फेडरल बिल्डिंगमध्ये शिरली आणि जवळजवळ चार आठवडे हललीच नाहीत, औषधं नाहीत, झोपायला जमीन, आणि त्यांना गरम जेवण कोण पोचवत होतं तर काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर पार्टी. ज्युडी ह्यूमन तिथल्या पुढारी. शेवटी सही झाली. तिथून १९९० च्या एडीए कायद्यापर्यंतचा (अपंगांशी भेदभावाला बंदी घालणारा अमेरिकेचा मुख्य कायदा) रस्ता सरांनी इतका मस्त उलगडला की सकाळी आठचं लेक्चर असून वर्ग भरलेला असायचा.

आणि ह्याच कोर्सचं अर्धं वाचन स्कॅन केलेल्या वाकड्या पीडीएफमध्ये! वर्गात एक मुलगा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरायचा, त्याला त्यातलं अक्षर ऐकू येईना, नीट फाइल्स मिळेपर्यंत पहिली परीक्षा होऊन गेली. डिसॅबिलिटीच्या कोर्सला ही तऱ्हा, म्हणजे दिव्याखाली अंधारच. अर्धा स्टार तिथेच गेला.

ॲडिक्शनचा मायनर जास्त प्रत्यक्ष करून बघायचा आहे. एका कोर्सला असाइनमेंट अशी की आवडती एक गोष्ट काही आठवडे पूर्ण सोडायची आणि रोज डायरी लिहायची. कोणी इन्स्टाग्राम सोडलं, कोणी साखर, मी चहा सोडला (आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, याला पैसे भरतोय का आम्ही?). डोकेदुखी, चिडचिड, मनातल्या मनात सबबी शोधणं, हे सगळं डायरीत आलं. चहा आणि हेरॉइन एक नाही हे मॅडम दर लेक्चरला बजावायच्या, पण 'मनात आणलं तर सुटतं' हे वाक्य त्यानंतर वर्गात कोणी बोललं नाही.

दुसरी असाइनमेंट, ए.ए. (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) च्या ओपन मीटिंगला जाऊन बसणं. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना दारू सोडायचीय त्यांच्यासाठी, ओपनला कोणीही जाऊ शकतं. नोट्स घ्यायच्या नाहीत, कोणाचं नाव लिहायचं नाही, फक्त ऐकायचं. नालोक्सोनचा (हेरॉइनसारख्या नशेचा ओव्हरडोस उतरवणारं औषध) स्प्रे कसा द्यायचा हेही शिकवलं, २०२३ पासून तो प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळायला लागलाय. फेंटानिल या अतिशय जहाल ड्रगमुळे इथे तो नुसता थिअरीचा विषय राहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. एक सर पक्के बारा पायऱ्यावाले (ए.ए. ची व्यसन सोडायची पद्धत), औषध घेऊन बरं होणं म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणं असं त्यांचं मत. दुसऱ्या मॅडम म्हणणार हेरॉइनसारख्या व्यसनावरच्या मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या औषधांनी जीव वाचतात, वाद कसला घालता. पुराव्याच्या बाजूने बघितलं तर मॅडम बरोबर आहेत, पण परीक्षेत कोणाचा पेपर आहे ते बघून उत्तर लिहायची वेळ यावी हे काही बरं नाही.

दोन्ही मायनर एकत्र घेण्याचा खरा फायदा मला कायद्याच्या कोर्समध्ये कळला. एडीएखाली दारूचं व्यसन डिसॅबिलिटी धरलं जाऊ शकतं, बेकायदा ड्रग्ज सध्या घेत असलेल्या माणसाला त्या घेण्यावरून कारवाई झाली तर संरक्षण नाही, पण जो सोडून बरा होतोय त्याला आहे. आणि डॉक्टरने दिलेलं ब्युप्रेनॉर्फिन घेतो म्हणून कोणाला नर्सिंग होमने नाकारलं तर तो भेदभाव होऊ शकतो असं न्याय खात्याने २०२२ मध्ये लिहून दिलंय. एकच मायनर घेतला असता तर मला यातली अर्धीच बाजू कळली असती.

प्रोजेक्टला मी पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र घेतलं होतं. १९८६ ला अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलेलं, पु.ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं पण इकडे कोणी नावही ऐकलेलं नव्हतं. घरच्यांना उपचारात एवढं धरतात हे बघून मॅडमनी बरेच प्रश्न विचारले.

आता नोकरी. टेक्सासमध्ये व्यसनमुक्ती समुपदेशकाचं लायसन्स म्हणजे एलसीडीसी, त्याला २७० तासांचं शिक्षण, ३०० तासांची प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष कामाचा सराव) आणि वर ४००० तास देखरेखीखाली काम लागतं. मायनरचे कोर्स त्या २७० तासांत धरता येतात, ते छान. पण ४००० तास म्हणजे पूर्णवेळ दोन वर्षं, आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांचं साधं ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर काम करायची परवानगी, एकच वर्षाचं. त्यात ओपीटी मेजरशी जोडलेलं लागतं, मायनरशी नाही. सीपीटीचं, म्हणजे शिकताना इंटर्नशिप करायच्या परवानगीचं, पण तेच. मेजर कॉम्प्युटर सायन्स आणि मायनर ॲडिक्शन असेल तर रिहॅबमधली इंटर्नशिप विसरा. हे ओरिएंटेशनला कोणी सांगत नाही, ब्रोशरवर मात्र करिअर, करिअर, करिअर. डिसॅबिलिटीच्या बाजूला तर बॅचलरवर मिळतं ते बहुतेक सपोर्ट वर्करचं काम, कष्ट भरपूर आणि पगार तुटपुंजा, पुनर्वसन समुपदेशकाचं सीआरसी सर्टिफिकेट हवं तर मास्टर्स करावंच लागतं. भारतात परत जाणार असाल तर तिकडे पुनर्वसन क्षेत्रात आरसीआयने (भारताच्या पुनर्वसन परिषदेने) मान्य केलेला कोर्स लागतो, इकडच्या मायनरवर ते रजिस्ट्रेशन होत नाही.

नर्सिंग, प्री-मेड, सोशल वर्क, सायकॉलॉजी वाल्यांनी हे मायनर डोळे झाकून घ्या, एकच जमत असेल तर ॲडिक्शनचा घ्या, पण डिसॅबिलिटीचा तो इतिहासाचा कोर्स इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून घ्याच. बाकीच्यांनी मायनर डिक्लेअर करायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून विचारा, प्रॅक्टिकम बिनपगारी असली तरी सीपीटी लागेल का आणि माझ्या मेजरवर ती मिळेल का, आणि उत्तर लेखीच घ्या, काउंटरवरच्या तोंडी 'हो'वर जाऊ नका.