स्मार्ट होमची पहिली खरेदी: आधी प्लग, बल्बचं नंतर बघू

आमच्या घरात कुठलीही स्मार्ट वस्तू आली की तिची एकच परीक्षा होते. ती स्मार्ट आहे हे सासूबाईंच्या लक्षात येता कामा नये. त्यांनी नेहमीसारखं बटण दाबलं की ती चालू झाली पाहिजे, पुन्हा दाबलं की बंद, आणि मधे 'फोन कुठाय' किंवा 'नेट गेलंय का' असे प्रश्न यायला नकोत. नवऱ्याच्या मते ही परीक्षा अन्यायकारक आहे. माझ्या मते ज्या दिव्यासाठी घरातल्या माणसांना शिकवणी लावावी लागते, तो दिवा कितीही स्वस्तात मिळाला तरी महागच.

प्लग, बल्ब, रिमोटचं काम करणारी डबी, काही सेन्सर आणि एक कॅमेरा, एवढं आम्ही वापरून पाहिलं आहे. सगळं स्वस्तातलं. ब्रँडची नावं लिहीत नाही, त्याला कारण आहे. या किमतीत वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत बरेचदा एकाच घराण्याचा माल असतो. तुया नावाच्या कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर असंख्य ब्रँड चालतात. खोक्यावर कुठलंही ॲप छापलेलं असो, अनेकदा तीच वस्तू 'स्मार्ट लाइफ' ॲपमध्येही जोडली जाते. त्यामुळे पुढच्या बाजूचं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा.

त्या अक्षरांत सगळ्यात आधी अँपिअर बघा, कारण पहिली खरेदी म्हणून माझं मत सरळ प्लगला आहे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये हा खोचायचा आणि त्यात आपली वस्तू. आत एक रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारा छोटा स्विच असतो, 'टक' असा आवाज येतो तो त्याचाच. वायरिंगला हात नाही, भाड्याचं घर असलं तरी अडचण नाही, आणि प्लगच्या अंगावर बटण असतं, म्हणजे फोनशिवायही चालतो. सासूबाईंच्या परीक्षेत पहिल्याच फेरीत पास.

आता अँपिअरचं. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट मिळतात. २३० व्होल्टवर १० अँपिअरचा प्लग म्हणजे कागदोपत्री २,३०० वॅट. पाणी तापवायचं २,००० वॅटचं यंत्र साधारण ८.७ अँपिअर ओढतं, म्हणजे हिशेबात बसतं. पण स्वस्त प्लगला त्याच्या मर्यादेच्या इतकं जवळ रोज तासभर पळवू नये असं मला वाटतं. अशा यंत्रासाठी १६ अँपिअरचाच घ्या, किंवा ते काम प्लगला देऊच नका. शिवाय हा आकडा बहुतेक वेळा निव्वळ तापणाऱ्या वस्तूंसाठी दिलेला असतो. मोटर असलेली वस्तू सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट खेचते आणि रिलेचे काँटॅक्ट तिथेच चिकटतात. पंपाला आमच्याकडे प्लग लावलेला नाही. इस्त्री, शेगडी, रूम हीटर या वस्तू घराबाहेरून फोनवर चालू करता येणं ही तर सोय नव्हेच. समोर माणूस नसताना ज्या वस्तूने आग लागू शकते, ती दुरून बंद करता आली तर उत्तम. चालू करता येऊ नये.

प्लग घेण्याआधी आणखी एक गोष्ट घरीच करून बघा. तुमची वस्तू चालू ठेवा, सॉकेटचं बटण बंद करा, पुन्हा चालू करा. वस्तू आपोआप सुरू झाली तर प्लगचा उपयोग आहे. ज्या यंत्रांना स्पर्शाचं किंवा दाबून परत वर येणारं बटण असतं, ती वीज परत आल्यावर नुसती झोपून राहतात. तिथे प्लग कितीही हुशार असला तरी त्याचा इलाज नाही. जुन्या पद्धतीच्या खटक्याचा टेबल फॅन आणि साधा दिवा मात्र झकास चालतात.

वेळापत्रक कुठे साठतं हेही तपासा. बऱ्याच प्लगमध्ये ते प्लगच्या आतच राहतं आणि इंटरनेट गेलं तरी ठरल्या वेळी काम होतं. काहींमध्ये प्रत्येक आज्ञा कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत येते. परीक्षा सोपी आहे: पाच मिनिटांनंतरची वेळ लावा, राउटर बंद करा आणि बघत बसा. दिवा लागला तर ठेवा, नाही लागला तर परत करण्याची मुदत आहे तोवर परत करा. त्याच बैठकीत ॲपमध्ये 'वीज परत आल्यावर काय करायचं' ही सेटिंग शोधा. चालू, बंद किंवा आधी होतं तसं, असे तीन पर्याय असतात. मी 'आधी होतं तसं' ठेवते.

थोडे जास्त पैसे देऊन वीज मोजणारा प्लग मिळत असेल तर तोच घ्या. आमच्याकडे घरातला सगळ्यात जास्त करमणूक करणारा प्रकार हाच ठरला आहे. कुठली वस्तू 'बंद' असतानाही काय खाते ते दिसतं. दिवसरात्र १० वॅट ओढणारी वस्तू वर्षाला साधारण ८८ युनिट खाते, हा हिशेब कळल्यापासून नवरा हातात प्लग घेऊन घरभर फिरतो. टीव्हीशेजारच्या डब्या, जुना प्रिंटर, स्पीकर, सगळ्यांची चौकशी झाली. हा प्लगही स्वतः थोडी वीज खातो, तेव्हा आधीच अर्ध्या वॅटवर झोपणाऱ्या वस्तूला प्लग लावून बचत होत नाही हेही सांगून ठेवते. आणि रुंदी बघा. काही प्लग इतके ऐसपैस असतात की शेजारचं सॉकेट झाकूनच टाकतात.

बल्ब मात्र आमच्याकडे नापास. सगळे सांगतात बल्बपासून सुरुवात करा, कारण खोक्यावर १६० लाख रंग लिहिलेले असतात आणि फोटोत घर फार सुंदर दिसतं. पण स्मार्ट बल्बला चोवीस तास वीज हवी. कुणी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब मेला. मग फोन, आवाज, वेळापत्रक, काहीच नाही. मग घरात 'ते बटण दाबू नका' अशी चिठ्ठी चिकटते. चिठ्ठी लावून चालवायची वस्तू मला नको. त्यात वीज जाऊन रात्री परत आली की सेटिंग न बदललेला बल्ब पूर्ण उजेडात पेटून उठतो आणि त्याच्यासोबत सगळं घर.

तरी घ्यायचाच असेल तर जिथलं बटण कुणी दाबत नाही अशा जागी लावा. वाचायचा टेबल लॅम्प, किंवा पॅसेजमधला रात्रीचा दिवा. रंगीत बल्बपेक्षा पिवळट ते पांढरा असा बदलणारा बल्ब मला जास्त उपयोगाचा वाटतो: संध्याकाळी २,७०० केल्विन, काम करताना ४,०००च्या पुढे. रंग लावल्यावर बल्बचा उजेड बराच कमी होतो, ते लाल-जांभळं कौतुक महिनाभर टिकतं आणि मग सगळे पांढऱ्यावर येतात. उजेड वॅटमध्ये मोजू नका, ल्युमेन वाचा. जुन्या ६० वॅटच्या तारेच्या बल्बएवढा उजेड म्हणजे ८०० ल्युमेनच्या आसपास. होल्डर पिनचा बी२२ आहे की आट्यांचा ई२७, हे आधी बघा. आणि जुन्या डिमर बटणावर स्मार्ट बल्ब लावू नका, तो फडफडतो आणि लवकर जातो.

खोलीचा मुख्य दिवा स्मार्ट करायचा तर बल्बपेक्षा स्विचबोर्डच्या आत बसणारं मॉड्यूल बरं. भिंतीवरचं बटणही चालतं आणि फोनही. पण बहुतेक मॉड्यूलना बोर्डात न्यूट्रलची तार लागते, ती सगळ्या बोर्डांत नसते, आणि हे काम इलेक्ट्रिशियनचं आहे. पहिल्या खरेदीत याची घाई नको.

आता माझी आवडती वस्तू: इन्फ्रारेड रिमोटची डबी. एसी, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स यांचे रिमोट जो अदृश्य प्रकाश सोडतात तोच ही मुठीएवढी डबी सोडते. जुना, मुका एसी त्या दिवशी वेळापत्रक पाळायला लागतो. पहाटे चारला बंद, दुपारी कुणी यायच्या आधी चालू. आणि मूळ रिमोट जिथे होता तिथेच आहे, त्यामुळे सासूबाईंना काही कळलेलं नाही. मोठं यंत्र न बदलता सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

मर्यादा आहेत. हा प्रकाश भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून प्रत्येक खोलीला वेगळी डबी आणि ती यंत्राच्या नजरेसमोर हवी. दुसरं, डबी फक्त बोलते, ऐकत नाही. एसी खरंच बंद झाला का हे तिला ठाऊक नसतं. हातातल्या रिमोटने कुणी मधेच बंद केला तर ॲप निवांतपणे 'चालू' दाखवत राहतं. तिसरं, काही पंख्यांचे रिमोट इन्फ्रारेडचे नसून रेडिओचे असतात, त्यांना ही साधी डबी चालत नाही. ओळखायचं कसं? रिमोटचं टोक फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकला तर इन्फ्रारेड. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्याने बघा, काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो गाळला जातो.

सेन्सर स्वस्त असतात म्हणून टोपलीत पडतात, आणि मग ड्रॉवरमध्ये. हालचाल टिपणारा साधा सेन्सर हलणारी उष्णता बघतो. तुम्ही पुस्तक घेऊन स्वस्थ बसलात की त्याच्या लेखी खोली रिकामी, दिवा बंद. पॅसेज, जिना, बाथरूमबाहेरची जागा अशा ये-जा करायच्या ठिकाणी तो उत्तम. स्वस्थ बसलेला माणूस ओळखायला रडारचा सेन्सर लागतो, तो महाग. दाराचा सेन्सर म्हणजे एका बाजूला लोहचुंबक, दुसऱ्या बाजूला छोटा स्विच, बिघडण्यासारखं त्यात काही नाही. बटण-सेलवर चालणारे सेन्सर बहुधा झिगबीवाले असतात, म्हणजे वाय-फायऐवजी कमी वीज खाणाऱ्या दुसऱ्या रेडिओवर बोलणारे. सेल खूप टिकतो, पण त्यांना घरच्या नेटवर्कशी जोडणारी डबी, म्हणजे हब, मधे घ्यावा लागतो. एका सेन्सरसाठी हब घेणं परवडत नाही. चार-पाच लावायचे ठरले की मग विचार करा.

जोडणीच्या वेळी नवशिक्यांची जी रडारड होते तिचं मूळ बहुतेकदा एकच असतं. वाय-फायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात, आणि स्वस्त वाय-फाय वस्तूंना फक्त २.४ कळतं. राउटर मात्र २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव देऊन बसलेला असतो, फोन ५ वर असतो, आणि प्लग बिचारा लुकलुकत राहतो. राउटरमध्ये जोडणीपुरतं ५ बंद करा, किंवा २.४चं वेगळं गेस्ट नेटवर्क काढा आणि या सगळ्या वस्तू त्यावरच ठेवा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण मग प्लग आणि आपला लॅपटॉप एकाच नेटवर्कवर ठेवावे लागत नाहीत. पुढेमागे राउटर बदललात तर नव्यालाही तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या. सगळ्या वस्तू आपोआप परत जोडल्या जातात, एकेक पुन्हा जोडत बसायला नको.

कॅमेऱ्याबद्दल मी जुन्या विचारांची आहे. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातलाच पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर साइटच्या नावांवरून त्यांचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला झाला. अनेक मोठ्या साइट काही तास बंद पडल्या. तेव्हा पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, आणि मेमरी कार्डवर रेकॉर्डिंग होतं का ते आधी विचारा. नाहीतर कॅमेरा स्वस्त आणि दर महिन्याची वर्गणी कायमची. आमचा कॅमेरा दाराबाहेर बघतो. घराच्या आत लावायला मी नाही म्हटलं.

सर्व्हरवर अवलंबून असलेल्या वस्तूचं आयुष्य कंपनीच्या हातात असतं, हेही किंमत बघताना धरा. नेस्ट या स्मार्ट होम कंपनीने विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्ह कंपनीचा हब २०१६ मध्ये बंद करून टाकला गेला, आणि चांगले चालणारे हब शोभेचे झाले. इन्स्टिऑन या अशाच कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक गप्प झाले. म्हणून आता घेताना खोक्यावर मॅटरचं चिन्ह शोधते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं हे मानक ॲपल, गुगल, ॲमेझॉन, सॅमसंग अशा सगळ्यांच्या व्यवस्थांत चालतं आणि आज्ञा घरातल्या घरात पोचते. दोन गोष्टी मात्र दुकानदार सांगत नाहीत. मॅटरला घरात एक कंट्रोलर लागतो, तो बहुधा स्मार्ट स्पीकरच्या किंवा टीव्हीच्या डबीच्या रूपात असतो. आणि 'मॅटर ओव्हर थ्रेड' लिहिलं असेल, म्हणजे वस्तू वाय-फायऐवजी थ्रेड नावाच्या कमी विजेच्या वायरलेस जाळ्यावर चालत असेल, तर ते जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा थ्रेडचा बॉर्डर राउटरही हवा. स्पीकर नसेल आणि घ्यायचाही नसेल तर साधा वाय-फाय प्लग पुरेसा आहे. फोनवरून सगळं होतं. मॅटरची वस्तू घेतलीत तर तिच्यावरचा क्यूआर कोड आणि ११ अंकी आकडा यांचा फोटो बसवण्याआधी काढून ठेवा. बल्ब छताला लागल्यावर शिडी आणून तो आकडा वाचणं हे वेगळंच काम आहे.

स्पीकर आमच्याकडे शेवटी आला. मुलगा त्याला गणितं विचारतो, नवरा गाणी लावतो, मी टायमर लावते. सासूबाई त्याच्याशी बोलत नाहीत. मायक्रोफोन बंद करायचं बटण मात्र त्यांनी स्वतःहून शोधून काढलं आहे आणि पाहुणे आले की त्या ते न विसरता दाबतात.