रोम : कोलोसियम सोडून फक्त प्रजासत्ताक बघायचा पायी दौरा, बाबांसोबत केलेला

मे महिन्यात बाबांना घेऊन रोमला गेले होते. मी म्युनिकला असते, बाबा सांगली जिल्ह्यातले, सगळी नोकरी हायस्कूलला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे त्यांची अट एकच होती की सम्राट वगैरे नंतर बघू, आधी राजाला हाकलून दिल्यावर या लोकांनी कारभार कसा चालवला ते दाखव. आणि असा गाईड शोधायला मला अक्षरशः दोन आठवडे लागले, कारण जो तो ग्लॅडिएटर आणि नीरोच विकतोय. शेवटी एक छोटी एजन्सी मिळाली, पुरातत्त्व शिकलेल्या एक बाई स्वतः फिरवतात, आम्ही सहाच जण, साडेचार तास. एजन्सीचं नाव टाकत नाही, असे दौरे बाकीचेही ठरवून देतात, पण काय मागून घ्यायचं ते कळावं म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवात फोरममध्ये, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकात नाही, टर्मिनी या मोठ्या रेल्वे स्टेशनच्या बाहेर. बस स्टँडच्या गडबडीत एक मोठी दगडी भिंत उभी आहे, लोक तिच्या सावलीत बॅगा टेकवून फोनवर बोलत असतात. हिला सर्व्हियन भिंत म्हणतात, नाव सर्व्हियस राजाचं पण बांधलीय प्रजासत्ताकाच्या काळात, गॉल टोळ्यांनी रोम लुटलं त्यानंतर. त्या लुटीचं साल परंपरेने इ.स.पू. ३९० सांगतात. दगड पिवळसर, ठिसूळ दिसणारा, आपल्या जांभ्याची आठवण येते. बाईंनी विचारलं हा दगड कुठला असेल, कुणालाच सांगता येईना. तो वेई नावाच्या शेजारच्या शहराच्या हद्दीतल्या खाणीतला, आणि वेई रोमने इ.स.पू. ३९६ मध्ये जिंकलेलं. म्हणजे ज्यांना हरवलं त्यांच्याच खाणीतून दगड आणून आपलं गाव राखायला भिंत घातली. बाबा तिथेच थांबून जोडाजोडाने रचलेले दगड निरखत बसले, त्यांना हलवायला मला हाक मारावी लागली. मला वाटतं रोम मोठं कसं झालं त्याचं निम्मं उत्तर या पहिल्या वीस मिनिटांत मिळतं, नंतरचं सगळं त्यात भरत जातं.

मग मेट्रोने दोन स्टेशनं, कोलोसियमला उतरायचं आणि त्याच्याकडे पाठ करून चालायला लागायचं. ते उघडलं इ.स. ८० मध्ये, तोवर प्रजासत्ताक जाऊन शंभरावर वर्षं झालेली, त्यामुळे बाईंनी दोन वाक्यांत संपवलं. ज्यांना आतून बघायचंय त्यांनी दुसरा दिवस ठेवा.

फोरममध्ये मला बाईंचा प्रामाणिकपणा सगळ्यात आवडला. कुठला दगड कुठल्या काळातला हे त्या आधी सांगतात. सॅटर्नच्या देवळाचे खांब दिसतात ते नंतरच्या बांधकामाचे, पण देऊळ प्रजासत्ताकाच्या सुरुवातीचं आणि सरकारी खजिना तिथेच असायचा. सिनेटची, म्हणजे बड्या घराण्यांतल्या कारभाऱ्यांच्या सभेची, म्हणून जी विटांची उंच इमारत सगळे दाखवतात, क्युरिया, ती जागा सीझरने सुरू केली, ऑगस्टसने इ.स.पू. २९ मध्ये पुरी केली, पुढे जळाली आणि आज दिसते ती बऱ्याच नंतरच्या डायोक्लेशियन सम्राटाची. हे ऐकून आमच्यातल्या एकाचा चेहरा पडला, पण मला तर उलट विश्वास बसला, की बाकीचं सांगतायत तेही तपासूनच सांगत असणार.

क्युरियाच्या समोर काळ्या फरशीची एक जागा आहे, लॅपिस नायजर. तिच्या खाली एक जुना शिलालेख सापडला, साधारण इ.स.पू. सहाव्या शतकातला, लॅटिनमधल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. बाईंनी फाईलमधून त्याचा मोठा फोटो काढला. ओळ एका दिशेने जाते, संपली की तिथूनच उलटी फिरते, परत सुलटी. बाबा लगेच म्हणाले, अगं हे तर नांगराचं तास, बांधाला गेलं की बैल वळतात तसं. मी इंग्रजीत सांगितल्यावर बाईंना इतका आनंद झाला, कारण या लिहिण्याच्या पद्धतीचं ग्रीक नावच मुळी बैलाच्या वळण्यावरून पडलंय. आणि त्या लेखात ‘राजा’ हा शब्द आहे. पुढे याच शहरात राजा म्हणवून घेणं हा सगळ्यात मोठा गुन्हा ठरला.

ते कसं झालं हा दौऱ्याचा गाभा. इ.स.पू. ५०९ ला शेवटचा राजा टार्क्विनियस याला हाकललं अशी परंपरा आहे, आणि बाई ‘परंपरा सांगते’ हे दर वेळी म्हणतात, कारण लिव्ही या रोमन इतिहासकाराने हे लिहिलं ते जवळजवळ पाचशे वर्षांनी. पण राजा गेल्यावर जी व्यवस्था बसवली तिच्यात संशय ठासून भरलाय. कॉन्सल, म्हणजे राज्याचा सर्वोच्च अधिकारी, एक नाही, दोन, तेही एकाच वर्षासाठी, आणि एकाने काही करायला घेतलं तर दुसरा अडवू शकतो. संकटात डिक्टेटर नेमायचा पण सहा महिन्यांच्या आत त्याने उतरायचं. कॉन्सलच्या पुढे छड्यांचे जुडगे घेऊन बारा माणसं चालायची, त्यात कुऱ्हाड असायची, पण शहराच्या हद्दीत आलं की कुऱ्हाड काढून ठेवायची, कारण इथे नागरिकाला जनतेकडे दाद मागायचा हक्क आहे. बाबा चाळीस पोरांच्या वर्गात असल्यासारखे मान डोलवत होते.

मग कर्जाची गोष्ट. सावकाराचं देणं फिटलं नाही की माणूसच गहाण पडायचा, लढाईला मात्र तोच जायचा. इ.स.पू. ४९४ ला हे सामान्य लोक, प्लेबियन, सरळ शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले, मारामारी नाही काही नाही, फक्त निघून गेले. त्यातून ट्रिब्यून हे पद मिळालं, ज्याच्या अंगाला हात लावणं धर्माने बंद, आणि जो ‘मनाई’ एवढं म्हणून काम थांबवू शकतो. पुढे इ.स.पू. ४५० च्या सुमाराला बारा फलकांवर लेखी कायदा, ३६७ ला एक कॉन्सल प्लेबियन असावा असा कायदा, २८७ ला त्यांच्या सभेचे ठराव सगळ्यांवर बंधनकारक. दोनशे वर्षं चिकाटीने हळूहळू मिळवलेलं.

कमी पडलं ते बाहेरच्या विस्ताराबाबत. हरवलेल्या गावांकडून खंडणीपेक्षा सैनिक घ्यायचे, काहींना पूर्ण नागरिकत्व, काहींना अर्धं, आणि म्हणूनच इ.स.पू. २१६ ला कॅनीच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने एका दिवसात सुमारे ५०,००० माणसं कापली तरी रोम तहाला तयार झालं नाही, हे बाईंनी फार छान सांगितलं पण पंधरा मिनिटांत, चालता चालता. इथे बसून अर्धा तास हवा होता. कानातला रिसीव्हरही मधेच खरखरायचा, माझा दोनदा बदलून घेतला. आणि भेटायच्या जागेचा मेसेज धड नव्हता, स्टेशनच्या कुठल्या बाजूला ते लिहिलंच नव्हतं, आमची दहा मिनिटं पळापळीत गेली. फोरममधले जुने दगड उंचसखल आहेत, गुडघेदुखी असेल तर काठी घ्याच, टोपी आणि पाण्याची बाटली पण, नळ आहेत वाटेत. क्युरिया आतून बघता येणार का हे बुक करतानाच विचारा.

शेवट कॅपिटोलाइन टेकडीवरच्या म्युझियममध्ये. मार्कस ऑरेलियस सम्राटाच्या घोड्यावरच्या मूळ पुतळ्याभोवती गर्दी असते, त्याच हॉलमध्ये बाजूला ज्युपिटरच्या देवळाचा पाया उघडा ठेवलाय, माणसाच्या उंचीवर जाणारे दगडाचे थर. या देवळाची प्रतिष्ठापना प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी झाली असं सांगतात, आणि तिथल्या भिंतीत दर वर्षी एक खिळा ठोकायची रीत होती. आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो, घाई कुणी केली नाही.

आणि याच टेकडीवर इ.स.पू. १३३ ला टायबेरियस ग्राकसला सिनेटर लोकांनी बाकांचे पाय मोडून त्यांनी मारलं. तो ट्रिब्यून होता, ज्याच्या अंगाला हात लावायचा नाही तो. मागणी काय, तर सरकारी जमीन कुणी ५०० युगेरापेक्षा, म्हणजे आपल्या तीनशे एकरांच्या आसपास, जास्त ठेवायची नाही, उरलेली गरिबांना वाटायची. आमचं घर कुळकायद्यात जमीन मिळालेलं, त्यामुळे बाबा एकदम गप्प झाले. मग मला म्हणाले, विचार त्यांना, पुढे जमीन वाटली की नाही. बाई म्हणाल्या, वाटली, तो मेल्यावरही मोजणी काही वर्षं चालू होती, हद्दीचे दगड इटलीत शेतांमध्ये सापडलेत, त्यावर मोजणाऱ्या तिघांची नावं कोरलेली आहेत.

पाचपैकी साडेचार. बाबांनी पाच दिलेत.