सोलापुरात घरी येणारे डॉग ट्रेनर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

विजापूर रोड आणि जुळे सोलापूर भागातल्या चार घरांनी मिळून हे लिहिलंय. कुत्री चार: एक लॅब, एक जर्मन शेफर्ड, एक कारवानी (मुधोळ हाउंड) आणि एक गल्लीतलंच देशी. ट्रेनर तीन: एक श्वान पथकातून निवृत्त झालेले, एक कोर्स करून आलेला, एक केनेल (कुत्री ठेवण्याची-वाढवण्याची जागा) आणि डॉग शोच्या कामातून आलेला. नावं देत नाही, कारण ज्या अडचणी आल्या त्या त्या-त्या शिक्षणातूनच आलेल्या होत्या आणि त्याच वाटेने आलेल्या दुसऱ्या ट्रेनरकडेही त्या दिसतील.

ट्रेनर ठरवताना "किती वर्षांचा अनुभव?" हे सगळेच विचारतात. आमच्या मते हा सगळ्यात कमी कामाचा प्रश्न. आपल्याकडे डॉग ट्रेनरला परवाना लागत नाही. कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी २०१७ चे आणि पेट शॉपसाठी २०१८ चे केंद्राचे नियम आहेत, ट्रेनरसाठी तसं काही नाही. म्हणजे उद्या कोणीही बोर्ड लावू शकतो आणि वर्षं मोजायला तोच बसतो. कोणती कुत्री, कोणत्या कामासाठी, आणि त्यातली किती साध्या घरात राहणारी, असं विचारलं की खरं चित्र कळतं.

सुरुवात फौजी आणि पोलीस पार्श्वभूमीपासून, कारण सोलापुरात भरवसा आधी त्यांच्यावरच बसतो. लष्कराची कुत्री मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात तयार होतात, सीमा सुरक्षा दलाचं केंद्र ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला आहे, आणि राज्य पोलिसांच्या श्वानांसाठी पुण्यात सीआयडीचं केंद्र आहे. कोर्स साधारण सहा ते नऊ महिन्यांचा असतो. त्यात कुत्रं आणि हँडलर जोडीने शिकतात, आणि पुढे कुत्रं निवृत्त होईपर्यंत सहसा तीच जोडी राहते. आता हिशोब करा. कुत्र्याची नोकरी आठेक वर्षांची धरली तर सोळा वर्षं पथकात काढलेल्या माणसाच्या हाताखालून दोन कुत्री गेलेली असतात. दोन कुत्र्यांची त्याला खोलवर माहिती असते यात शंका नाही, पण लॅबपासून पॉमपर्यंत पन्नास स्वभाव त्याने पाहिलेले नसतात. म्हणून पहिला प्रश्न: तुम्ही हँडलर होता की इन्स्ट्रक्टर? इन्स्ट्रक्टरच्या समोरून बॅचमागून बॅच गेलेली असते.

दुसरी गोष्ट निवडीची. पथकात कुत्रं घेताना ते घाबरट नाही ना, आवाजाला दचकत नाही ना, खेळण्यामागे पळतं ना, हे बघूनच घेतात. जे जमत नाही ते परत जातं. आपल्या घरातलं कुत्रं कोणी निवडून आणलेलं नसतं आणि परतही पाठवता येत नाही. आमच्या देशी कुत्र्याच्या बाबतीत इथेच गाडी अडली. ते अनोळखी माणसाला बघून गुरगुरायचं. पथकवाल्यांचा उपाय म्हणजे चोक चेनचा (ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीचा) झटका. आठवडाभरात गुरगुरणं बंद झालं आणि घरातले सगळे खूश. पण नीट बघितलं तर कान मागे चिकटलेले, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय, शेपूट पोटाखाली, नजर दुसरीकडे. भीती होती तिथेच होती. गुरगुरणं ही चावण्याआधीची सूचना असते. ती दाबली की पुढे कुत्रं न सांगता चावू शकतं. गुरगुरणं थांबलं म्हणून ट्रेनरला शाबासकी देऊ नका. आधी कुत्र्याचं अंग सैल झालंय का ते बघा.

हेच ट्रेनर जर्मन शेफर्डच्या बाबतीत मात्र अव्वल. वेळ म्हणजे वेळ, सहाला सहा. दोरी हातात धरायची पद्धत, वळताना पाय कुठे पडतो, दोरी कधी सैल सोडायची, याची सफाई बाकी दोघांत नव्हती. आणि नाकाचं काम! तीन सारख्या स्टीलच्या वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली चिकनचा तुकडा. कुत्र्याने नाकाने बरोबर वाटी दाखवली आणि तिथे थांबलं की वाटी उचलून तुकडा द्यायचा. पंजा मारला तर काही नाही. जमायला लागलं की वाट्यांतलं अंतर वाढवायचं, मग वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायच्या. उन्हाळ्यात बाहेर फिरवणं कमी झालं की दहा मिनिटांच्या या खेळाने शेफर्ड गप झोपतो. तुमच्याकडे दमच न लागणारं कामाच्या जातीचं कुत्रं असेल तर पथकातल्या माणसाला फक्त एवढ्यासाठी बोलवलं तरी पैसे वसूल.

एक धोक्याची खूण कोणत्याही पार्श्वभूमीच्या ट्रेनरकडे बघायची: "तुम्ही घरातले अल्फा (कळपाचे म्होरके) बना" असं कोणी म्हणालं की पुढचे प्रश्न वाढवा. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निरीक्षणांवरून पसरली, आणि ती निरीक्षणं पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची होती. जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये मांडून आता जमाना झाला. कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरणं हे त्याच जुन्या समजुतीतून आलंय, आणि त्यात चावा थेट माणसाच्या तोंडावर बसू शकतो.

आता कोर्सवाला. प्रमाणपत्रांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सीपीडीटी-केए या अमेरिकी प्रमाणपत्राला परीक्षेआधी गेल्या तीन वर्षांत शिकवण्याचे किमान ३०० तास दाखवावे लागतात. दुसऱ्या टोकाला, काही व्हिडिओ बघितले की प्रमाणपत्र छापून येतं. लॅमिनेशन दोघांचंही सारखंच चकाकतं. विचारायचं एवढंच: कुत्रं समोर घेऊन किती तास काम केलं, आणि तुमचं काम कोणी बघून दुरुस्त केलं का?

या मुलाची ताकद कुत्र्याला शिकवण्यापेक्षा घरच्यांना शिकवण्यात होती, आणि लॅबच्या घरात नेमकं तेच हवं होतं. पहिल्या दिवशी त्याने कुत्र्याला हातही लावला नाही. घरातल्या प्रत्येकाच्या हातात क्लिकर (दाबला की "क्लिक" वाजणारी छोटी डबी; आवाज झाला की खाऊ, हे कुत्र्याला कळतं) दिला आणि स्वतः टेनिस बॉल टाकत राहिला; बॉल फरशीला टेकला त्याच क्षणी क्लिक व्हायला पाहिजे. आजोबांचं जमलं, नातवाचं उशिरा होत होतं. बक्षिसाची वेळ एका सेकंदापलीकडे गेली की कुत्रं वेगळीच गोष्ट शिकतं. बसल्याबद्दल खाऊ द्यायचा म्हणून खिसा चाचपडत राहिलात तर तेवढ्यात ते उठतं आणि खाऊ उठण्याबद्दल मिळतो. मग "आमचं कुत्रं बसतच नाही" ही तक्रार.

दुसरं काम शब्दांचं. सोलापुरातल्या घरात मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी सगळं चालतं. आजी एक म्हणते, पोरं "सिट" म्हणतात, ट्रेनर तिसरंच. त्याने फ्रिजवर कागद लावला: सहा कृती, सहा शब्द, सगळ्यांसाठी तेच. भाषा कोणतीही चालते, ती घरभर एकच पाहिजे. आणि शब्द एकदाच म्हणायचा. "बस बस बस बस" म्हटलं तर कुत्रं चौथ्या "बस"ची वाट बघायला शिकतं.

खाऊ वाटाण्याएवढा, मऊ, न चावता गिळता येणारा. नवीन गोष्ट शिकवताना मिनिटाला दहा-बारा तुकडे लागतात, त्यामुळे मोठा तुकडा परवडत नाही. घरात लॅबला कडक भाकरीचा चुरा पुरतो. रस्त्यावर, समोर चार कुत्री असताना, भाकरीला कोण विचारतंय. तिथे बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा लिव्हर लागतं. शेंगाचटणी लावलेली भाकरी नको, त्यात लसूण असतो. आणि बेदाणे अजिबात नाही. आपल्याकडे पंढरपूरचा बेदाणा घराघरांत असतो, मूठभर सहज हातात येतो, पण द्राक्ष आणि बेदाण्याने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. हे तिघांपैकी फक्त कोर्सवाल्याने आपणहून सांगितलं.

त्याची कमजोरी अशी की खाऊची पिशवी सुटेना. हातात तुकडा धरून बसवणं तीन ते पाच वेळा ठीक. नंतर हात रिकामा ठेवून तीच खूण करायची आणि बक्षीस दुसऱ्या हाताने किंवा टेबलावरून द्यायचं. हे उशिरा केलं तर कुत्रं हात बघून काम करतं, शब्द ऐकून नाही. लॅबचं वजन वाढलं ते वेगळंच. दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांवर खाऊ जाऊ द्यायचा नाही, आणि जेवढा दिला तेवढं ताटातलं कमी करायचं. शिवाय तीस-पस्तीस किलोचं कुत्रं दुसऱ्यावर झेपावलं तर त्याला अंगाने आवरण्याची सवय या मुलाला नव्हती. शेफर्ड त्याच्याकडे दिला नाही, बरंच केलं.

केनेल-शोवाल्याबद्दल थोडक्यात. नखं कापणं, दात-कान उघडून दाखवणं, अंगाला हात लावू देणं, शांत उभं राहणं, यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. डॉक्टरकडे नेणं सोपं झालं. स्वभावाच्या तक्रारी मात्र त्याच्याकडे नेऊ नका.

कारवानीवर जरा थांबायला हवं, कारण आपल्या पट्ट्यात ही जात घरोघरी दिसते आणि ट्रेनर तिला शेफर्डसारखं वागवतात. मुधोळचं कारवानी २०१६ मध्ये लष्कराच्या प्रशिक्षणासाठी मेरठला गेलं, तेव्हापासून "हेही आर्मी डॉग" असं म्हणत झटक्याने शिकवण्याची हौस वाढलीय. हे नजरेने शिकार करणारं कुत्रं. मान डोक्यापेक्षा फार बारीक नसते, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की सरळ डोक्यातून निघतो. रुंद मार्टिंगेल पट्टा (ओढला की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा) घ्या, नाहीतर छाती-पाठीवरून नीट बसणारा हार्नेस. कातडी पातळ आणि लांब मान उघडी, म्हणून चोक चेन इथे सगळ्यात वाईट. मागच्या मांड्या भरीव असल्याने बराच वेळ "बसून" राहणं यांना अवघड जातं. "उभं राहा, थांब" किंवा "झोप" शिकवलं तर पटकन होतं. एकच गोष्ट पाच-सहा वेळा झाली की ते तोंड फिरवतं, तिथेच थांबवा. होटगी रोडच्या मोकळ्या रानात ससा उठला तर दहापैकी दहा वेळा बोलावून परत येईल अशी खात्री कोणी देत असेल तर हात जोडा. दहा मीटरची लांब दोरी, तीही हार्नेसला. पट्ट्याला लावली तर पळता पळता शेवटी मानेला हिसका बसतो. आमच्या तिघांपैकी हे एकालाही आधी माहीत नव्हतं. कोर्सवाल्याने वाचून बदल केला, पथकवाल्यांनी दोन आठवड्यांनी मान्य केलं, शोवाल्याने विषयच बदलला.

आवाजाचं काम सोलापुरात टाळता येत नाही. गणपती, दिवाळी, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचं होम मैदानावरचं दारूकाम, एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुका. ट्रेनरला दिवाळीच्या आठवड्यात बोलवून उपयोग नाही. जून-जुलैत सुरू करा. फटाक्याचं रेकॉर्डिंग इतक्या हळू लावायचं की कुत्र्याचा कान हलेल पण ते उठणार नाही. आवाज आला की चिकन, थांबला की चिकन बंद. रोज पाचच मिनिटं. आवाज वाढवायचा तो तीन दिवस काहीच फरक दिसला नाही तरच. मोबाईलच्या स्पीकरमधून खर्ज निघत नाही, आणि डीजेचा खर्जही कुत्र्यांना घाबरवतो. म्हणून थोड्या दिवसांनी मोठा स्पीकर लावावा लागतो. ज्या कुत्र्याला आवाजाने लाळ गळते, थरथर होते, जे दार खरवडून नखं तोडून घेतं, त्याला आधी पशुवैद्याकडे न्या. गोळी लिहायचं काम त्यांचं. ट्रेनर स्वतःच्या पिशवीतून "शांत राहायची गोळी" काढत असेल तर तिथेच व्यवहार संपवा.

कुत्रं महिनाभर ट्रेनरकडे ठेवून शिकवून आणायचं, हा पर्याय दोन घरांनी बघितला आणि सोडला. तिथे शिकलेलं कुत्रं तिथल्या माणसाचं ऐकतं. घरी आल्यावर घरच्यांना पुन्हा शिकावंच लागतं. जागा बघायला न सांगता जा. पत्र्याचं शेड, मार्चनंतरचं ऊन, एका ओळीत वीस कुत्री आणि गोचीड, असं दिसलं की गोचीड तापाचं बिल डॉक्टरकडे भरायची तयारी ठेवा. दाखल करताना रेबीजची आणि बाकी लसीकरणाची वही न मागणाऱ्या ठिकाणी कुत्रं ठेवू नका. तुमची मागितली नाही म्हणजे बाकी एकोणीस जणांचीही मागितलेली नाही.

पिल्लू असेल तर उलट घाई करा. तीन ते चौदा आठवडे हा ओळखी करून द्यायचा काळ. "सहा महिन्यांचं झाल्यावर फोन करा" हे पथकाच्या पद्धतीतलं उत्तर आहे, कारण तिथे औपचारिक काम उशिरा सुरू होतं. घरच्या पिल्लासाठी तोपर्यंत ही संधी गेलेली असते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका. कडेवर घेऊन रिक्षा, घंटागाडी, हेल्मेटवाले, बुरखेवाल्या, कुकरची शिट्टी, सगळं लांबून दाखवा.

फीमध्ये तिघांत फार फरक नव्हता, आखणीत होता. महिन्याचे पैसे ठरवू नका, भेटींचे ठरवा. पथकवाल्यांचा हिशोब महिन्याचा होता आणि रविवार, सण, पाऊस त्यातच जायचे. भेट पाऊण तासाची: त्यातला कुत्र्याबरोबरचा वेळ पाच-पाच मिनिटांचे चार-पाच तुकडे, उरलेला घरच्यांशी. दोरी शेवटच्या दहा मिनिटांत घरच्या माणसाच्या हातात आलीच पाहिजे. दर भेटीनंतर रोजचा सराव कागदावर लिहून मागा आणि पुढच्या वेळी तो कागद काढणारा ट्रेनर ठेवा. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. आणि एप्रिल-मेसाठी वेळ आधीच लिहून घ्या: सकाळी साडेसातच्या आत किंवा सूर्य मावळून तासभर झाल्यावर. आपला डांबरी रस्ता संध्याकाळी सातलाही तापलेला असतो; हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर त्या दिवशीची भेट गच्चीवर नाही, घरातल्या फरशीवर.