चार तास वापरलेले 'नवे' एसएसडी

ठाण्यात आमचं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. सर्व्हरमध्ये ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क, रेड १० मध्ये, म्हणजे सगळा डेटा दोन-दोन डिस्कवर राहील अशा जोडलेल्या. सकाळी दहाला सगळे एकदम टॅली उघडायचे आणि सर्व्हर रांगायला लागायचा. इकडचं-तिकडचं वाचायला-लिहायला लागलं की फिरत्या डिस्कला सेकंदाला जेमतेम शंभर खेपा जमतात, चिपवर डेटा ठेवणाऱ्या एसएसडीला हजारो. म्हणून डिस्क तशाच ठेवून पुढे एसएसडीचा कॅश, म्हणजे डेटा आधी झेलणारा वेगवान थर, लावायचं ठरवलं.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात ९६० जीबीचे दोन 'डेटा सेंटर' एसएसडी मिळाले, ८,००० रुपयांना एक. खोका नव्हता. "साहेब, ट्रे पॅक आहे, नवाकोरा माल. आत कपॅसिटर आहेत, लाइट गेली तरी हातातला डेटा लिहूनच बंद होतो." कपॅसिटरचा विषय त्यानेच काढला, आणि मी तिथेच गळाला लागलो. एवढी जाण असलेला माणूस कशाला फसवेल? बिलावर 'एसएसडी २ नग' एवढंच. सीरियल नंबर नाही.

कॅश राइटथ्रू ठेवला तर लिहिलेलं डिस्कवर पोचल्याशिवाय 'झालं' म्हणत नाही. राइटबॅकमध्ये एसएसडीवर पडलं की झालं, डिस्कवर सावकाश जातं. वेग हवा होता, राइटबॅक लावला. मधल्या वेळात ताजा डेटा फक्त एसएसडीवर असतो हे ठाऊक होतं, पण दोघांचा मिरर केला होता ना, एकावरचं तेच दुसऱ्यावर! दोघेही एकाच माळेचे मणी आहेत, हे कुठे माहीत होतं?

पाच महिने सर्व्हर पळाला. जूनमध्ये एका दुपारी वीज गेली आणि यूपीएसच्या बॅटरीनेही मान टाकली. पुन्हा चालू केल्यावर एक एसएसडी बायोसला दिसेना, दुसरा वाचताना एरर देत होता. चारही हार्ड डिस्क ठणठणीत, पण ताजा डेटा एसएसडीत अडकलेला, त्यामुळे व्हॉल्यूम माउंट होईना, म्हणजे डेटा उघडेनाच. शनिवारचा बॅकअप होता. बुधवारपर्यंतची व्हाउचरं कागदांवरून पुन्हा भरली, त्यात दोन रात्री गेल्या.

खरी चपराक नंतर बसली. बसवण्याआधी मी दोन्हींवर स्मार्टसीटीएल हा ड्राइव्हची तब्येत आणि वापर सांगणारा प्रोग्रॅम चालवून आउटपुट जपून ठेवला होता. तेव्हा 'पास्ड' ही ओळ पाहिली आणि पुढे गेलो. आता नीट वाचलं. चालू तास: ४. लिहिलेला डेटा: २८६ टीबी. ड्राइव्ह जोडायच्या साटाच्या तारेतून सेकंदाला ५५० एमबी धरले तरी चार तासांत ८ टीबीसुद्धा जात नाही. तासांचा आकडा पुसला होता, लिखाणाचा राहून गेला. सीरियल नंबरही लेबलवर एक आणि ड्राइव्हच्या पोटात दुसरा. एक उघडून पाहिला: केसच्या तिसऱ्या हिश्शाएवढी सर्किटची पाटी, कपॅसिटरची रांग नाहीच. घरगुती ड्राइव्हला लेबल चिकटवलेलं.

सगळं घेऊन दुकानात गेलो. आधी म्हणाला, धंद्यासाठी घेतलेला माल, ग्राहक मंचात तुमचं चालणार नाही. हा मुद्दाही पाठ होता त्याचा. मी हलत नाही म्हटल्यावर, "बरं साहेब, बदलून देतो," म्हणत त्याने त्याच ट्रेमधून दोन काढले. मी लॅपटॉप आणि यूएसबीची तार सोबत नेली होती, तिथेच जोडला. चालू तास: ३.